आयटीआय की पॉलिटेक्निक? खान्देशातल्या पोरापोरींसाठी फॉर्मपासून अप्रेंटिसपर्यंत सगळं

ज्यांच्या घरात आजवर कोणी टेक्निकलला गेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. यावल घ्या, पारोळा घ्या, साक्री घ्या, शहादा घ्या, दहावीचा निकाल लागला की बहुतेक पोरं मित्राच्या मागे जातात, मित्राने जो कोर्स धरला तोच आपला, आणि दोन-तीन वर्षांनी कळतं की आपल्याला जिथे लागायचं होतं तिथे हा कागद चालतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की उलटीकडून सुरुवात करा. आधी काम बघा, त्या कामाच्या गेटवर कोणता कागद मागतात ते बघा, मग तो कागद देणारा कोर्स शोधा आणि कॉलेज सगळ्यात शेवटी ठरवा. पालकांनीही वाचा, कारण अर्धी धावपळ तुम्हालाच करायची आहे.

आधी दोन रस्ते समजून घ्या

आयटीआय म्हणजे हाताचं काम शिकवणारी जागा. ट्रेड एक वर्षाचा नाहीतर दोन वर्षांचा असतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, मोटार मेकॅनिक, एसी-फ्रीजवाला ट्रेड हे दोन वर्षांचे, आणि वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर चालवण्याचा ट्रेड), डिझेल मेकॅनिक, प्लंबर हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियनला वर्षाचे १२०० तास असतात आणि त्यातले ८४० नुसते प्रॅक्टिकलचे, म्हणजे बाकावर बसायला कमी आणि उभं राहायला जास्त. वय किमान १४ लागतं, वरची मर्यादा नाही, त्यामुळे दोन-चार वर्षं शेतात गेलेल्या पोरालाही येता येतं. वेल्डर, वायरमन, सुतारकाम असे काही ट्रेड दहावी नापासलाही मिळतात, म्हणून नापास झाला म्हणजे संपलं असं घरात कोणी बोलू नका.

पॉलिटेक्निक म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा, सहा सेमिस्टर, परीक्षा एमएसबीटीईची म्हणजे महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. दहावीला किमान ३५ टक्के लागतात पण चांगली ब्रँच आणि सरकारी कॉलेज पाहिजे तर मेरिट खूप वर जातं. इथे गणित आहे, ड्रॉइंग आहे, थिअरी आहे, आणि शेवटी सुपरवायझर किंवा ज्युनिअर इंजिनीअरच्या लाइनला जाता येतं.

आता जी गोष्ट गावाकडे फार थोड्यांना माहीत असते ती सांगतो. हे दोन रस्ते वेगळे नाहीत, मध्ये पूल आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, आणि डिप्लोमा झाला की डिग्री इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला सीईटी लागत नाही, ओपनला डिप्लोमाचे ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के असले की अर्ज करता येतो. म्हणजे घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून आत्ता आयटीआय केला तर पुढचं दार बंद होत नाही. पण यात एक मेख आहे, एक वर्षाच्या ट्रेडवर हा पूल मिळत नाही. त्यामुळे पुढे शिकायची थोडीजरी इच्छा असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड धरा, 'एक वर्षात सुटतो' या मोहात पडू नका.

गेट बघा: आपल्या भागात काम आहे कशाचं

एक वही घ्या आणि आपल्या तालुक्यापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत कशाची कामं चालतात ते लिहून काढा. खरंच लिहा, कारण लिहिल्यावर दिसायला लागतं.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक पाइप, ठिबकचं सामान, चटई, डाळ मिल हे मोठं काम. पाइप आणि ठिबकवाल्यांकडे मोल्डिंग, एक्स्ट्रूजन मशीन चालवणारा लागतो, ती मशीन दुरुस्त करणारा फिटर लागतो, साचे बनवणारा टूल अँड डाय मेकर लागतो आणि पॅनल समजणारा इलेक्ट्रिशियन लागतो. आयटीआयत प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर नावाचा ट्रेड आहे, पोरं त्याच्याकडे बघतही नाहीत. जळगाव परिसरातच राहायचं असेल तर जवळपास कुठे हा ट्रेड चालू आहे का त्याची चौकशी करा. रावेर-यावल-सावदा पट्ट्यात केळीची रायपनिंग चेंबर आणि कोल्ड स्टोरेज आहेत, ते ऐन सीझनला बंद पडलं की मालकाचा जीव टांगणीला लागतो, तिथे रेफ्रिजरेशन-एसीवाला पोरगा असेल तर त्याचा फोन थांबत नाही. जिनिंग-प्रेसिंगला फिटर, वेल्डर लागतात पण ते काम कापसाच्या हंगामापुरतं, हे लक्षात ठेवा.

भुसावळला रेल्वे आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, वरणगावला दुसरी आहे, आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र. रेल्वेच्या अप्रेंटिस म्हणजे स्टायपेंडवर काम शिकणाऱ्या उमेदवारांच्या भरतीत भुसावळचा वेगळा गट असतो, त्यात इलेक्ट्रिक लोको शेड, लोको वर्कशॉप, कॅरेज-वॅगन डेपो येतात. वय १५ ते २४, दहावीला किमान ५० टक्के आणि आयटीआय लागतो, लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर मेरिट लावतात. म्हणून आत्ता जी पोरं नववीत आहेत त्यांना सांगा, 'आयटीआयलाच तर जायचंय, मार्क कशाला पाहिजे' हे बोलणं आधी बंद करा. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलं म्हणजे नोकरी पक्की असं मुळीच नाही, पण लेव्हल वनच्या म्हणजे रेल्वेतल्या सगळ्यात खालच्या पदांच्या भरतीत अशा पोरांसाठी २० टक्के जागा बाजूला ठेवलेल्या असतात. आणि असिस्टंट लोको पायलट व्हायचं स्वप्न असेल तर त्याला ठराविक ट्रेडचा आयटीआय चालतो किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाईलचा डिप्लोमा, म्हणजे सिव्हिल डिप्लोमावाल्याला ते दार उघडत नाही. गेट आधी बघा म्हणतो ते यासाठीच.

धुळ्याकडे या. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पट्ट्यात पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सोलर प्रकल्प आहे, नरडाणा आणि अवधानला एमआयडीसी, शिरपूरकडे कापडाचं काम. शेतावर सोलर पंप बसतायत, त्यांची देखभाल कोणीतरी करणारच ना. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन करा आणि त्याच्यावर सोलरचं काम शिका, हे मला नुसत्या सोलर कोर्सपेक्षा बरं वाटतं कारण महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन-वायरमनलाच विचारतात. नंदुरबार, नवापूरवाल्यांना सुरत जवळ पडतं, ताप्ती लाइनने सकाळी निघालं की दुपारपर्यंत पोहोचता येतं, तिथे टेक्सटाइलच्या मशीनवर मेंटेनन्सवाले लागतात. बाकी चाकण, वाळूज, अंबड-सातपूर आहेतच, आपली अर्धी पोरं तिकडेच आहेत. तिथे सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम मिळवायचं तर टर्नर, मशिनिस्ट, नाहीतर मेकॅनिकल डिप्लोमा.

डिप्लोमाच्या ब्रँचबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं तर घ्या. सरकारी भरती डोक्यात असेल तर सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल, कारण बांधकाम विभाग, जलसंपदा, जिल्हा परिषद, वीज कंपन्या यांच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागा बहुतेक याच लाइनला निघतात. खाजगी कारखान्यात हातपाय मारायचे तर मेकॅनिकल. कॉम्प्युटर आणि एआयच्या ब्रँचला सध्या उड्या पडतायत, घ्यायला हरकत नाही, पण डिप्लोमावर थांबणाऱ्याला त्यात लगेच चांगली नोकरी मिळणं अवघड आहे, ती ब्रँच घेणाऱ्याने पुढे डिग्री करायचीच असं मनाशी धरून घ्यावी आणि घरच्यांनाही तसं आधीच सांगावं.

मग कॉलेज बघायला स्वतः जा

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी पॉलिटेक्निक आहे आणि सरकारी आयटीआय तर तालुक्या-तालुक्याला आहेत. खाजगी पण भरपूर आहेत, काही चांगली, काहींच्या नुसत्या कमानी चांगल्या. फोनवर गोड बोलतात म्हणून ठरवू नका, वडिलांना किंवा मामाला घेऊन जा, आणि ऑफिसात बसून माहितीपत्रक घेण्याआधी वर्कशॉप दाखवा म्हणा.

वर्कशॉपमध्ये काय बघायचं? लेथच्या खाली लोखंडाचा ताजा चुरा पडलाय का, की मशीनवर धूळ बसलीय. वेल्डिंगचे बूथ किती आणि एका बॅचला पोरं किती. इलेक्ट्रिकलला मोटार रिवाइंडिंगची टेबलं वापरातली वाटतात का. मग बाहेर येऊन चहाच्या टपरीवर सेकंड इयरच्या पोरांना गाठा आणि विचारा: निदेशक म्हणजे शिकवणारे सर सगळ्या ट्रेडला आहेत का, की एकच सर तीन बॅच सांभाळतात? प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून घेतात? मागच्या वर्षी कोणत्या कंपन्या आल्या आणि किती पोरं घेतली? पोरं खोटं बोलत नाहीत, त्यांना त्यातून काही मिळवायचं नसतं. कॉलेजवाले '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील तर त्यांना दोन माजी विद्यार्थ्यांचे नंबर मागा आणि स्वतः फोन करा.

डिप्लोमाला आता एमएसबीटीईची के-स्कीम म्हणजे नवा अभ्यासक्रम आहे, तिच्यात १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, ती कॉलेज कुठे लावून देतं ते आवर्जून विचारा. काही ठिकाणी पोरालाच सांगतात बघ तुझं तू.

आणि मान्यता तपासा, हे फार महत्त्वाचं. डिप्लोमाच्या कॉलेजला एआयसीटीईची म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि एमएसबीटीईचा संस्था कोड पाहिजे, आयटीआयचा ट्रेड एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीला म्हणजे देशाच्या किंवा राज्याच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेला जोडलेला पाहिजे. 'सहा महिन्यात इंजिनीअरिंग डिप्लोमा' असे बोर्ड बसस्टँडजवळ दिसतात, त्यांचा कागद रेल्वेच्या किंवा महावितरणच्या भरतीत चालत नाही. शिकायला म्हणून टॅली, ऑटोकॅड, मोबाईल रिपेअरिंगचा छोटा क्लास लावा की, पण तो वेगळा आणि हा वेगळा.

जाण्या-येण्याचं पण बघून ठेवा. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीने मिळतो, पण पास असून उपयोग काय, सकाळची गाडी लेक्चरच्या आधी पोहोचते का ते बघा. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते, डिप्लोमाला ७५, तिथे 'गाडी उशिरा आली' हे चालत नाही.

कागद आत्ताच काढा

निकालानंतर सेतूवर जी रांग लागते ती बघून ज्यांना परीक्षेनंतर मोकळा वेळ होता त्यांनी तेव्हाच का नाही काढले असं वाटतं. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल, जातीचा दाखला, ओबीसी-व्हीजेएनटी वगैरेंना नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस असेल तर ते प्रमाणपत्र. नॉन क्रिमिलेअरवर मुदत लिहिलेली असते, जुनं घरात पडलंय म्हणून निर्धास्त राहू नका, तारीख वाचा. जात वैधतेचं प्रमाणपत्र पुढे डिग्रीला राखीव जागेवर लागतंच लागतं आणि त्याला महिने जातात, म्हणून डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच प्रस्ताव टाकून मोकळे व्हा.

नाव सगळीकडे एकसारखं आहे का ते बसून जुळवा. आधारवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे नुसतं आणि कुठे त्याच्यापुढे भाऊ लावलेलं, यानेच स्कॉलरशिप अडकते. बँक खातं पोराच्या नावाचं पाहिजे आणि आधारशी जोडलेलं पाहिजे.

फॉर्म भरताना

दोन्हीकडे ऑनलाइन आहे पण वेबसाइट वेगळ्या. आयटीआयचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय म्हणजे डीव्हीईटी बघतं, डिप्लोमाचं तंत्रशिक्षण संचालनालय म्हणजे डीटीई. दोन्ही फॉर्म भरून ठेवता येतात आणि मी तर म्हणेन ठेवाच. सायबर कॅफेत भरा हरकत नाही, पण मोबाईल नंबर तुमचा द्या, कॅफेवाल्याचा नाही, पासवर्ड वहीत लिहून घ्या, आणि प्रिंट घेऊन घरी शांतपणे प्रत्येक ओळ वाचा. कॅटेगरीचा रकाना चुकला तर नंतर फार त्रास होतो. डिप्लोमाला कागद तपासणी ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करता येते, ज्यांना स्कॅनिंग वगैरे जमत नाही त्यांनी सरळ सरकारी पॉलिटेक्निकच्या सुविधा केंद्रावर जावं, तिथे समजावून सांगतात.

मग तात्पुरती मेरिट लिस्ट लागते. ती लागल्यावर स्वतःचे मार्क आणि कॅटेगरी बघा, चूक असेल तर हरकत घ्यायला दोन-तीनच दिवस असतात.

ऑप्शन फॉर्म म्हणजे कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच किंवा ट्रेड पाहिजे ते क्रमाने भरायचं, ही खरी डोकं लावायची जागा. ऑप्शनचा क्रम म्हणजे तुमच्या मनातला क्रम, 'हे मिळणारच नाही' म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकू नका, वर टाकल्याने काही नुकसान होत नाही. पण पहिल्या नंबरवर तेच टाका जे मिळालं तर डोळे झाकून घेणार, कारण पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की तोच घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांना मुकता. मागच्या वर्षीचे कटऑफ वेबसाइटवर असतात, ते समोर ठेवून वरच्या बाजूला थोडे अवघड, मधे आपल्या मार्कातले आणि खाली हमखास मिळणारे असे भरपूर टाका. चार ऑप्शन टाकून बसणारे पोरं फेरी संपल्यावर रडतात. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, इलेक्ट्रिशियनला मुलगी कशी जाणार असं बोलून ती जागा रिकामी सोडू नका, जळगावच्या कंपन्यांत पॅनल वायरिंगला मुली आहेत आणि हात त्यांचा जास्त साफ बसतो.

खालच्या नंबरचा ऑप्शन मिळाला आणि तो पसंत नसेल तर बेटरमेंटला ठेवता येतं, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या ऑप्शनची वाट बघता येते. शेवटी डिप्लोमाला संस्था स्तरावरची फेरी आणि आयटीआयला समुपदेशन फेरी असते, तिथेही जागा निघतात.

पैसे

सरकारी आयटीआयची फी फार कमी आहे, खाजगीत कित्येक पट. आता नीट वाचा, कारण इथे दरवर्षी पोरं फसतात: स्कॉलरशिपचे बहुतेक फायदे कॅपमधून म्हणजे सरकारी ऑनलाइन फेरीतून प्रवेश घेतला तरच मिळतात. एखादं कॉलेज 'फेरीत पडू नका, आमच्याकडे डायरेक्ट मॅनेजमेंट कोट्यात या, स्कॉलरशिप आम्ही बघू' म्हणालं तर उठून या.

स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा असतो. ओपन आणि ईडब्ल्यूएसवाल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, फीची अर्धी रक्कम मिळते. एससी-एसटी, ओबीसी, व्हीजेएनटीच्या योजना वेगळ्या आहेत. ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय झालाय, प्रवेश घेताना कॉलेजला स्पष्ट विचारा की आमच्याकडून आत्ता किती घेणार. टीएफडब्ल्यूएस म्हणून ५ टक्के जादा जागा असतात, त्यात शिक्षण फीच लागत नाही, हुशार आणि गरीब पोराने ऑप्शन फॉर्ममध्ये त्या जागा वर टाकाव्यात. डिप्लोमाच्या मुलींना एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती पण आहे, वर्षाला ५०,००० रुपये. हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना बघा, आदिवासी पोरांना सरकारी वसतिगृहं आणि तिथे जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वयं योजना. सगळ्यांची मुदत वेगळी असते, कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कशी ओळख ठेवा आणि दर महिन्याला अर्जाची स्थिती बघा, अर्ज परत पाठवलेला असतो आणि पोराला पत्ताच नसतो.

पहिलं वर्ष

मराठी मीडियमच्या पोरांना डिप्लोमात पहिले दोन महिने काही कळत नाही, हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका भो. एमएसबीटीईने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाला मुभा दिलीय, आपल्या कॉलेजात आहे का ते विचारून घ्या. गणितावर रोज एक तास द्या, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पोरं तिथेच अडकतात, आणि ग्राफिक्सच्या म्हणजे ड्रॉइंगच्या शीट स्वतःच्या हाताने काढा, मित्राची शीट खाली ठेवून उतरवली तर तिसऱ्या वर्षी ड्रॉइंग वाचता येत नाही आणि इंटरव्ह्यूत कंपनीवाला पहिलं ड्रॉइंगच पुढे सरकवतो. विषय राहिला तर लगेच पुढच्या परीक्षेला काढा, साठले की वायडी लागतो म्हणजे वर्ष वाया जातं आणि घरी सांगायची पंचाईत.

शेवटच्या सहा महिन्यांत

आयटीआय झाला की घरी बसू नका, अप्रेंटिस करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कंपन्यांना पोरं घ्यावी लागतात आणि स्टायपेंड द्यावा लागतो. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर शेवटच्या वर्षातच नाव नोंदवून प्रोफाईल पूर्ण ठेवा, डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेचं पोर्टल वेगळं आहे. रेल्वे, ऑर्डनन्स, महावितरण, महानिर्मिती, एसटी महामंडळ हे सगळे आपापल्या वेळी जाहिरात काढतात, त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या वेबसाइट बघायची सवय लावा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात खरी मानू नका आणि 'नाव लावून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

खाजगी कंपनीत जाताना आपलं अप्रेंटिसचं कॉन्ट्रॅक्ट त्या सरकारी पोर्टलवर नोंदलंय का ते बघा. नुसतं हेल्पर म्हणून वर्षभर राबवून घेतलं तर शेवटी हातात अप्रेंटिसचं सर्टिफिकेट येत नाही, आणि पुढच्या भरतीत तेच मागतात. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: करार नंबर काय, स्टायपेंड खात्यात येणार का, आणि शेवटची परीक्षा कधी. उत्तर नीट मिळालं नाही तर आपल्या जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये अप्रेंटिस विभाग असतो, तिथे जाऊन कागद दाखवा आणि मगच सही करा.